घर घेताना मध्यस्थाची पारख
(ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथे स्वतःचे घर असावे, ही आपल्यातील पुष्कळ कुटुंबांची मनीषा आहे. त्यासाठी आयुष्यभराची पुंजी पणाला लागते. म्हणून दलालाची निवड ही गौण गोष्ट नव्हे.

‘गृहस्थ आपल्याच ज्ञातीचा आहे’, एवढ्यावरच अनेकजण निर्धास्त होतात. ज्ञातिप्रेम स्तुत्य खरे. परंतु ते कागदपत्रांची जागा घेऊ शकत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिकांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्याने महारेराकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्याचा व प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि महारेराच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरास घेता येत नाही, हेही स्मरणात ठेवावे.

जुनी सदनिका घेताना शेअर सर्टिफिकेट, पूर्वीचे नोंदलेले करार व सोसायटीची थकबाकी यांची तपासणी वकिलाकडून करवून घ्यावी. तो वकील मात्र दलालाने सुचविलेला नसावा, आपण निवडलेला असावा. दलाली किती, केव्हा व कोणत्या कामाबद्दल द्यावयाची, तसेच विक्रेत्याकडूनही ती घेतली जाते काय, हे आरंभीच लेखी ठरवावे. पावतीवाचून एक रुपयाही देऊ नये.

प्रामाणिक मध्यस्थास अशा प्रश्नांचा राग येत नाही. ज्यास येईल, त्यास दुरूनच नमस्कार करावा. मग तो आपला सोयरा का असेना!