चावडीचे दप्तर



सातबारा हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की तो दोन नमुन्यांचा मिळून झाला आहे, हे सहसा ध्यानात राहत नाही. गाव नमुना ७ सांगतो जमीन कोणाची; नमुना १२ सांगतो तीत काय पेरले. हे दप्तर सरकारने मुळात आपल्या सोयीसाठी मांडले नाही, साऱ्याच्या वसुलीसाठी मांडले. १८५२ साली खानदेशात जमिनीची मोजणी सुरू झाली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या बाजूंची रयत मोजणीविरुद्ध गोळा झाली आणि सरकारला सैन्य आणावे लागले. शेतात साखळी पडली की सारा वाढणार, एवढे तिला न सांगता कळत होते.

आता सारा किरकोळ राहिला, पण दप्तराचे महत्त्व वाढले. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची मदत, जेथे जाल तेथे सातबारा पुढे करावा लागतो. आपला बोदवडचा मुलूख कापसाचा. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर हमीभावाने कापूस द्यायचा तर सातबाऱ्यावर कापसाची नोंद हवी. शेतात बोंडे फुटली आहेत आणि कागदावर रान पडीक, असे झाले तर? मग गाडी व्यापाऱ्याच्या दारात, आणि तो म्हणेल तो भाव!

पूर्वी उताऱ्यासाठी तलाठी आप्पांना गाठावे लागे. (२०२४ पासून त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले, लोक आप्पाच म्हणतात.) आप्पांकडे गावे अनेक, म्हणजे आज भेट नाही, उद्या या. उतारा स्वस्त, हेलपाटा महाग. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. १५ रुपये भरून तो मोबाइलवर काढता येतो. शिक्का लागत नाही. संकेतस्थळावर फुकट दिसतो तो उतारा मात्र नुसता पाहण्यापुरता, कामकाजाला चालत नाही.

पिकाची नोंदही आता आपल्या हाती आली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. आपण आपल्याच शेतात उभे राहायचे, पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. सोय खरी, पण जबाबदारीही आपल्यावर आली. ज्या म्हाताऱ्याकडे साधा फोन आहे, ज्या बाईचा नवरा नाही आणि मुलगा पुण्याला आहे, त्यांचे काय? गावोगाव सहायक नेमलेले असतात खरे; परंतु मुदत संपत आली आहे हे त्यांच्या कानी घालायचे कोणी?

गुरुजी, बाई, येथे तुमचे काम आहे. सातवी-आठवीच्या मुलांना एक दिवस घरचा सातबारा आणायला सांगा आणि वर्गात वाचून घ्या. हेक्टर-आर कळेल, गट नंबर कळेल. आणि चुका सापडतील! हाताने लिहिलेले दप्तर यंत्रात चढवताना कुठे नाव चुकले, कुठे क्षेत्र. यंत्र बिचारे चूकही इमानाने छापते. अशा लेखनाच्या चुकीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

अर्ज कसलाही असो, पोच घ्या. उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारकाचा दाखला अशा सेवांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत बांधली आहे, आणि ती कचेरीत फलकावर लावलेली असली पाहिजे. मुदत टळली तर ३० दिवसांत पहिले अपील करावे. दोष ठरला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोच नसेल तर मात्र दिवस कोठून मोजणार?

आणि फेरफाराची नोटीस घरी आली तर ती कोनाड्यात ठेवू नका. हरकतीला १५ दिवस असतात. त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्या.