पटलावर ठेवलेला कापूस



१८ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीत संसदेचे अधिवेशन चालू होते. त्याच दिवशी अर्थखात्याने अधिसूचना काढली आणि परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क दुसऱ्या दिवसापासून माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमके आमच्या वेचणीचे दिवस!

कायदा म्हणतो, अशी अधिसूचना सभागृहाच्या पटलावर ठेवायची. ठेवली म्हणजे चर्चा झाली असे नव्हे. दोन्ही सभागृहांनी ठरवले तर ती बदलता येते, रद्दही करता येते. पण मागायचे कुणी?

चुलीपाशीही तोच प्रकार. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, ब्रँड नसलेल्याही पाकीटबंद पिठावर, डाळीवर ५ टक्के जीएसटी बसला. दर ठरला जीएसटी परिषदेत, मंत्र्यामंत्र्यांत. घरची ज्वारी दळून खाणाऱ्याला तो लागत नाही, खरे. पण पीक बुडाले की आम्हीही दुकानाच्याच दारात उभे असतो.

आम्ही शुल्काची भीक मागत नाही. आमच्या ताटाचा आणि मालाचा हिशेब उघड सभागृहात व्हावा, एवढेच म्हणतो. खासदार गावात आले, की हारतुऱ्याआधी विचारा: कापसाच्या त्या अधिसूचनेवर तुम्ही प्रश्न टाकला होता काय? कोणत्या तारखेला?