नोंदवही साथीच्या आधीची
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



पाट्या, शाळा, मराठीतून परिपत्रके हे आपले ठरलेले विषय. आज आम्ही अमेरिकेतील आदिवासींची हकिगत सांगणार आहोत. विषय भाषेचाच आहे.

ओक्लाहोमातील चेरोकी जमातीत भाषा अस्खलित बोलणारे साथीच्या आधी उरले होते सुमारे २०००, त्यातले बहुतेक वयस्क. २०२० साली करोना आला आणि नेमका म्हाताऱ्यांनाच गाठू लागला. डिसेंबरात लस पोचली तेव्हा जमातीच्या सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने चेरोकी बोलणाऱ्यांना रांगेत पुढे घेतले. लस राज्यामार्फत घ्यायची की केंद्राच्या आदिवासी आरोग्यसेवेमार्फत, हे निवडण्याची मुभा जमातींना होती. चेरोकींनी दुसरा मार्ग धरला. दवाखाने त्यांचे स्वतःचे, त्यामुळे रांगही त्यांनीच लावली. राज्याच्या यादीत ‘मातृभाषा जाणणारा’ असा रकाना कुठून असणार? आणि भाषकांची नोंदवही त्यांनी २०१९ सालीच उघडली होती, साथीची चाहूलही नसताना.

सगळीकडे हे इतक्या सुरळीतपणे झाले नाही. साउथ डकोटातील शायेन रिव्हर सू जमातीच्या मुलखात रुग्णालय आठ खाटांचे, अतिदक्षता विभाग नाही. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी महामार्गांवर नाकी उभारली; येणाऱ्याला कुठून आलात, कशासाठी आलात, हे विचारू लागले. मे महिन्यात गव्हर्नर क्रिस्टी नोएम यांनी ४८ तासांत नाकी हटवा, नाहीतर कायदेशीर कारवाई करू, असे पत्र धाडले. जमातीचे अध्यक्ष हॅरल्ड फ्रेझियर यांनी साफ नकार दिला. त्यांच्यामागे १८६८ चा फोर्ट लॅरामीचा तह होता. मुदत उलटली, नाकी तशीच राहिली. दीडशे वर्षांपूर्वीचा कागद, पण त्यांनी तो सांभाळून ठेवला होता!

आपल्यापाशी असा तह नाही. आपण इथले इतरांसारखेच नागरिक, तेव्हा नाक्यांची भाषा आपण करू नये. नोंदवहीचे मात्र तसे नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपली कोणती वडीलधारी मंडळी घरी एकटी आहेत, हे आम्हांला फोन फिरवून शोधावे लागले. मंडळाकडे यादी होती, ती वर्गणीची! काही घरी आम्ही उशिरा पोचलो.

तेव्हा दाराशी एक वही ठेवली आहे. घरात सत्तरीपुढचे कोणी असल्यास नाव, पत्ता आणि शेजाऱ्याचा फोन लिहूनच चहाला वळावे. वर्गणी थकली असली तरी चालेल.