शब्दांचे घाव
(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी समाजाच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो मोडून आम्ही एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, त्याबद्दल क्षमा असावी. तो विषय म्हणजे आपली जीभ. तुच्छतेचे आणि द्वेषाचे शब्द ऐकणाऱ्याच्या मनाचे काय करतात, याचा विचार आपल्या शिंपी समाजाने तरी अवश्य केला पाहिजे. कारण असे शब्द आपण ऐकले आहेत, आणि दुर्दैवाने उच्चारलेही आहेत.

आमचे वडील शिवणयंत्रावर बसून कुटुंबाचा चरितार्थ चालवीत. शाळेत एक गुरुजी हजेरीच्या वेळी आम्हांस ‘चिंधीचोर’ म्हणून हाक मारीत. वर्ग हसे, आम्हीही हसत असू. परंतु त्या वर्षी उत्तर ठाऊक असूनही हात वर करणे आम्ही सोडून दिले. याहून वाईट ते पुढेच घडले. गिऱ्हाइकाचे कापड बेतून उरलेला तुकडा वडील घडी घालून परत देत, हे आम्ही रोज पाहत होतो. तरीही एके दिवशी त्यांच्या हातांकडे आम्ही संशयाने पाहिले. शब्द गुरुजींचा होता. पण आता तो आमच्याच मनातून बोलू लागला होता.

हा अनुभव आमचा एकट्याचा नव्हे. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास लहान मुलांपुढे, रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या अशा बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती आणि वाईट कोणती, असे विचारता बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनी गोऱ्या बाहुलीस पसंती दिली. ‘तुझ्यासारखी कोणती?’ या प्रश्नाशी येताच काही मुले रडू लागली. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला, त्या निकालात क्लार्क यांच्या अभ्यासाचा हवाला आहे. समाज ज्यास हलके लेखतो, ते मूल स्वतःसही हलके लेखू लागते, हेच त्या बाहुल्यांनी दाखविले.

अपमान हा केवळ मनाचा खेळ आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक दाखला. २००३ साली लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून संगणकावर चेंडूफेकीचा खेळ खेळावयास दिला. मध्येच इतरांनी त्यांच्याकडे चेंडू टाकणे बंद केले. तेव्हा, शरीरास इजा झाली असता मेंदूचा जो भाग जागृत होतो, तोच भाग त्यांच्यात जागृत झालेला दिसला. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे ज्ञातिबांधवांस निराळे सांगावयास नको. अपमानाच्या क्षणी छाती धडधडते, रक्तदाब चढतो, ताणाचे रस रक्तात मिसळतात. हे एकदा घडले तर शरीर सावरते. रोज घडले तर झोप उडते, अन्न गोड लागत नाही आणि माणूस आतून खचतो.

कायद्याने आपले काम केले आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्यासाठी १९८९ साली झालेल्या कायद्यान्वये चारचौघांत जातिवाचक अपमान करणे हा गुन्हा आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णयही राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. परंतु कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो. आत आपण काय बोलतो, ते कोण ऐकणार? ते आपली मुले ऐकतात.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आमच्या नातवाने शाळेतील एका सोबत्यास त्याच्या जातीवरून एक घाणेरडा शब्द उच्चारला. तो कोठे शिकलास, असे दरडावून विचारता तो म्हणाला, “आजोबा, तुम्हीच तर म्हणता.” आम्ही मान खाली घातली. त्याच सायंकाळी नातवाचा हात धरून त्या घरी गेलो आणि दोघांनीही क्षमा मागितली. त्या मुलाच्या वडिलांनी आम्हांस बसावयास सांगितले, चहा दिला. मुलगा मात्र दाराआड उभा होता. तो शेवटपर्यंत बाहेर आला नाही. चिंधीचोर म्हणविला गेलेला एक मुलगा आम्ही पुन्हा त्या दाराआड पाहिला.

म्हणून आपणांस तीन विनंत्या आहेत. घरात कोणत्याही जातीचे नाव शिवीसारखे वापरू नये. आपल्या वधूवर मेळाव्यात मुलींच्या रंगावर, उंचीवर आणि मोडलेल्या संसारावर शेरे मारले जातात. ते समाजाच्या व्यासपीठावरून आणि त्यामागच्या कुजबुजीतूनही बंद व्हावेत. आणि शब्दांनी खचलेल्या कोणासही ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणून वाटेला लावू नये. त्याचे ऐकून घ्यावे, गरज पडल्यास वैद्याकडे न्यावे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

आपण नामदेवरायांचे नाव अभिमानाने सांगतो. ज्यांस देवळाच्या पायरीवरही हिणविले गेले, ते चोखोबा मंगळवेढ्यास भिंतीखाली सापडून निवर्तले, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारी समाधी दिली, अशी परंपरा आहे. आजही त्या समाधीपुढे हात जोडूनच वारकरी आत जातो. त्या शिंप्याचे वंशज म्हणवून घ्यावयाचे, तर आपल्या मुखातून टाका घालणारे शब्द निघावेत, कात्री चालविणारे नव्हेत, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.