'द' कुठे लावायचा?

इंग्रजीचे पेपर तपासताना एक गोष्ट हटकून दिसते. 'द' हा एवढासा शब्द काही मुलं दिसेल त्या नामावर भुरभुरतात. काही त्याला शिवतच नाहीत. मराठीत असा शब्दच नाही, मग पोरानं तो शिकावा कसा, असं खेड्यावरचे शिक्षक विचारतात.

शब्द नाही, हे खरं. पण त्यामागचा भेद आपल्या तोंडी रोज असतो. 'मी गडी शोधतोय' म्हणालात, तर कामाला कोणीही चालेल. 'मी गड्याला शोधतोय' म्हणालात, तर नेहमीचाच गडी कुठे तरी गेलेला आहे आणि तो ऐकणाऱ्याच्याही ओळखीचा आहे. हा 'ला' आपल्याला कोणत्या मास्तरांनी शिकवला? इंग्रज पहिल्या ठिकाणी 'अ सर्व्हंट' म्हणेल, दुसऱ्या ठिकाणी 'द सर्व्हंट'. मात्र 'ला' म्हणजे 'द' असं फळ्यावर लिहू नका हं. ते सगळीकडे जुळायचं नाही. मुलानं एवढंच पाहावं: 'कोणता?' याचं उत्तर ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का? असेल तर 'द'.

नोकरीच्या अर्जाचं घ्या. 'आय एन्क्लोज द सर्टिफिकेट' असं लिहिलं, की वाचणारा साहेब म्हणतो, कोणतं बुवा? जाहिरातीत मागितलेला दाखला असेल, तर 'द' बरोबर. आपण होऊन जोडला असेल, तर 'अ'. तसंच, मुलगा शिकायला जातो तो 'टू स्कूल'. बाप फी भरायला जातो तो 'टू द स्कूल'.

एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, 'द काऊ इज अ यूसफुल अ‍ॅनिमल' यातली गाय कोणती? रास्त प्रश्न आहे. तिथे 'द'नं सबंध गोजातच एक धरली आहे. दूध, सोनं, प्रामाणिकपणा यांविषयी सर्वसाधारण बोलताना मात्र 'द' नको. चुलीवरचं दूध म्हटलं, की लगेच 'द मिल्क'.

विशेषनामांपुढे तर्क थकतो. तिथे सरळ पाठांतर करावं. द गोदावरी, द अरेबियन सी, द हिमालयाज. पण एकटं शिखर एव्हरेस्ट किंवा गाव पैठण यांना 'द' नाही.

राहिला उच्चार. पुढे स्वर ऐकू आला तर 'दि', नाही तर 'द'. स्पेलिंगकडे पाहू नका, कानानं ठरवा: 'दि एग', एच मुका म्हणून 'दि अवर', आणि 'यू'नं सुरू होऊनही 'द युनिव्हर्सिटी'.