काळीतून पांढरी कशी उभी राहिली



उन्हाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वखरणी चालते, आणि त्याच दिवसांत कितीक गावी जुन्या पांढरीची माती बंडीत भरून वावरात नेतात. ती पिकाला मानवते, हे खरे. पण का मानवते? तिथे एके काळी माणसे राहत होती. त्यांच्या चुलीची राख, गोठ्यातले शेण, कोंडा, हाडे, सारे त्या मातीत मुरले आहे. वावर ती काळी आणि वस्ती ती पांढरी, असे आपले वाडवडील म्हणत आले. काळीतून पांढरी कशी उभी राहिली, ते आज पाहू.

माणूस लाखो वर्षे शिकारीवर आणि रानातल्या कंद-फळांवर जगला. एका जागचे सरले की पुढे चालू लागायचे. सुमारे 11 हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात गहू, जव पेरणे सुरू झाले. आपल्या बाजूला, बलुचिस्तानातील मेहरगढ येथे, इ. स. पूर्व 7000 च्या सुमारास शेतकऱ्यांची वस्ती होती. तिथेच तांब्याच्या एका मण्यात कापसाचा धागा मिळाला. तो सात हजार वर्षांहून जुना आहे. पऱ्हाटीवाल्या जिल्ह्याने हे ध्यानात ठेवावे!

पण नुसते पेरल्याने गाव बसत नाही. पेरले की राखावे लागते, कापले की साठवावे लागते, आणि कणगी डोक्यावर घेऊन कोणी हिंडत नाही. पुढच्या हंगामाचे बी खाऊन टाकले तर पेरायचे काय? म्हणून माणूस धान्यापाशी बसला. घरखर्च भागून दाणे उरू लागले तेव्हा कुंभाराला, तांबटाला शेती न करताही भाकरी मिळू लागली. मग वाटणी आली, हिशेब आला. आजच्या इराकात पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या मिळाल्या आहेत. लिहिण्याचे ते जगातले फार जुने नमुने, आणि त्यांत बहुतेक जव, मेंढ्या यांचाच हिशेब. सिंधूकाठी हडप्पा, मोहेंजोदडो ही शहरे इ. स. पूर्व 2600 च्या सुमारास भरभराटीला आली, तीही शेतकऱ्याच्या उरलेल्या दाण्यावरच.

आता आपल्या महाराष्ट्रातले गाव घेऊ. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथली पांढर डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या संशोधकांनी 1968 ते 1983 पर्यंत खोदली. शंभराहून अधिक घरे उघडी झाली. इ. स. पूर्व 1600 पासून जवळजवळ नऊशे वर्षे तिथे लोक राहिले. चौकोनी कुडाची घरे, घरात चूल, धान्याची पेवे आणि कणग्या ठेवायचे ओटे. जव हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, कुळीथ. पुराचे पाणी वळवायला त्यांनी चर खणला आणि बांध घातला. एक घर पाच खोल्यांचे होते. ते गावच्या प्रमुखाचे असावे, आणि त्याच्या शेजारीच धान्याचे कोठार. ज्याच्या हाती कोठार त्याच्या हाती गाव, ही गोष्ट तेव्हापासूनची दिसते.

पुढे इ. स. पूर्व 1000 नंतर ऐसपैस घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. धान्य घटले, शिकार आणि रानमेवा वाढला. पाऊसमान कमी झाले असावे, असे ढवळीकरांचे मत. म्हणजे शेतीचे चाक उलटही फिरते, बरं का. शेवटी, इ. स. पूर्व 700 च्या सुमारास, लोक गाव सोडून गेले.

त्याच काळात आपल्या विदर्भात लोखंड आले होते. नागपूर जिल्ह्यात नैकुंड येथे लोखंड गाळायची भट्टी मिळाली आहे, साधारण अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची. विदर्भातल्या त्या काळच्या दगडी वर्तुळांच्या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी सापडतात. रान तोडून वावर काढायला कुऱ्हाडीसारखे दुसरे साधन नव्हते.

सांगायचे कारण असे. गाळ नदीतून आणता येतो, शेणखत घरी करता येते, पण पांढरी एकदा उपसली की गेली. तिच्यातले थर हीच तिची वही, वरचा खाली झाला की वाचता येत नाही. तेव्हा खताच्या खड्ड्याकडे लक्ष द्या आणि पांढरीला फावडे लावू नका. नांगरताना रंगीत खापरे, मणी, जळके दाणे किंवा दगडांचे वर्तुळ दिसले तर धुऊ नका, हलवू नका. जागेची खूण करून तलाठ्याला, तहसीलदाराला कळवा. धातूच्या वस्तू, नाणी निघाली तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबादला 1974 मध्ये गावच्याच माणसाला खोदताना कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. चारही मिळून वजन साठ किलोवर. मोडीत गेले असते तर चार पैसे आले असते. आज ती चित्रे शाळेच्या पुस्तकात आहेत, आणि त्या रथाला बैलांची जोडी जुंपलेली आहे.