कोल्हापूर ते नागपूर : अंतर आणि वेळ
(भाषणाचा मजकूर)



दोन गावांमधील अंतर किती, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नसते. कोल्हापूर आणि नागपूर या राज्याच्या दोन दिशांच्या नगरांचेच उदाहरण घ्यावे. पुणे, मनमाड, भुसावळ, वर्धा असा वळसा घेणारी महाराष्ट्र एक्सप्रेस १,२०० किलोमीटरांहून अधिक मजल मारते आणि तिला एक अहोरात्र पुरत नाही. विमानाला मात्र हा वळसा नाही.

हवाई अंतर शाळेच्या वर्गातही काढता येते. उजळाईवाडीचा विमानतळ १६.६७ उत्तर अक्षांश व ७४.२९ पूर्व रेखांशावर, तर सोनेगावचा २१.०९ व ७९.०५ अंशांवर आहे. अक्षांशांतील फरक ४.४२ अंश. एका अंशास १११ किलोमीटर धरल्यास तो ४९० किलोमीटर भरतो. रेखांशांतील फरक ४.७६ अंश. आपल्या भागात एका अंशास सुमारे १०५ किलोमीटर धरल्यास तो ५०० होतो. या दोन बाजूंचा कर्ण म्हणजे सुमारे ७०० किलोमीटर. हेच हवाई अंतर होय.

आता वेळ पाहू. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानास या अंतरासाठी एक तास चोवीस मिनिटे लागतील, ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या जेट विमानास त्रेपन्न. परंतु वेळापत्रकात छापलेली वेळ याहून अधिक असते. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतचा प्रवास, चढण, उतरण आणि वाऱ्याची दिशा यांचा हिशेब त्यात येतो.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या 'उडान' योजनेने मुख्यतः २०० ते ८०० किलोमीटरांचे असेच टप्पे डोळ्यांसमोर ठेवले. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली उड्डाणे झाली. त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्गही होता.

प्रवाशाची सोय एवढाच या हिशेबाचा अर्थ नव्हे. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय सामान्यतः चार तासांच्या आसपास रुग्णाच्या शरीरात बसवावे लागते. त्यातला दीड तास आकाशात गेला, तर उरलेल्या अडीच तासांत दोन्हीकडचे रस्ते आणि शस्त्रक्रिया बसवावी लागते. आकाशात वाचविलेली वीस मिनिटे विमानतळाबाहेरच्या खोळंब्यात गमावली, तर वेगवान विमानाचा उपयोग काय?

म्हणून विमानतळाच्या परिसरातील ग्रामपंचायतींची जबाबदारी लहान नाही. रस्ता अतिक्रमणमुक्त ठेवणे आणि पक्ष्यांना आकर्षित करणारा उघडा कचरा साठू न देणे, ही कामे गावाच्याच हातची आहेत. धावपट्टी शासन बांधू शकते. तिच्यापर्यंतची वाट मोकळी ठेवणे मात्र सर्वांचे कर्तव्य आहे.